दिवसा निजणाऱ्याचं जेवण

१२ मार्च १९८४, सोमवार

माणूस झोपला असताना त्याच्या दारासमोर गंज ठोकून दाखवाची काय गरज? "जुने कपडे द्या, नवा गंज घ्या" करत तो भांडेवाला भरदुपारी आमच्याच ओट्यावर टेकला. मी म्हटलं, तुह्या सासऱ्याचा ओटा आहे काय? अंदर माहा नातू रातपाळी करून निजला आहे. तो म्हणे, "बाई, दिवसा कोण निजते?" मी त्याचाच एक गंज उचलला आन् त्याच्याच कानापाशी वाजवून दाखवला. गेला उठून.

एवढ्या गदारोळात श्रावण काही उठला नाई. मंग मीच उठवला. जेवाची वेळ झाली होती.

आता जयभीम. मास्तरीणबाई म्हणते, पानाच्या वर आधी जयभीम लिहा, तारीख लिहा, मंग मनातलं लिहा. माह्या मनातलं थांबत नाई, म्हणून जयभीम मागं राह्यला. मी बायनाबाई. सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली. धान रोवणं आन् तोंड चालवणं, दोन कामं चांगली येतात. अक्षर आत्ता शिकली, कॉलनीच्या विहारात बायांचा वर्ग भरते तिथी. ही कॉलनी चंद्रपूरजवळच्या कोळसा खदानीची. श्रावण खदानीत लागला आन् मले घेऊन आला. त्याचा बाप रामाजी, म्हणजे माहा लेक, श्रावण लहान असतानाच गेला. मायनं दुसरं घर केलं. पोरगा मीच वाढवला. आता त्याची बायको आहे पंचफुला, तिले फुला म्हणतात. पोरगी वाईट नाई, पण थंड आहे. मी सयपाक करते आन् ही दुपारभर उंबरठ्यावर बसून राहते. हाताले काम नाई.

१४ मार्च

श्रावणचं काम काय ते आज नीट विचारून घेतलं. खदानीत एक मोठा उतार आहे. उताराच्या डोक्यावर इंजिन, त्याले तारेचा दोर, दोराले कोळशाचे डबे. खालचा माणूस डबे अडकवते आन् घंटी देते. घंटी ऐकली की श्रावणनं दांडा ओढाचा, डबे वर येतात. पुन्हा घंटी, दांडा सोडाचा. मी म्हटलं, "बसूनच तर राहाचं आहे!" तो म्हणे, "आजी, बसणंच तर कठीण आहे."

इंजिन चालवणाऱ्या दुसऱ्या खलाशाचा पाय मोडला, म्हणून उन्हाळाभर याले रातपाळीच लागली. सकाळी घरी येते तेव्हा डोळे लाल आन् तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. झोप येऊ नये म्हणून रातभर खर्रा चावते, भजे खाते, चहा पेते. डबा जसा नेला तसा वापस. म्हणते, तिथी भात खाल्ला की डोळे मिटतात.

मंग मी सकाळी वसूल करते. भात, वरण, वांग्याची भाजी, वरून दोन भाकरी. ते संपल्याबिगर पाठ टेकू देत नाई. निजला की म्हणते, छातीत जळते. या कुशीवर, त्या कुशीवर. जळते म्हणजे कुठीतरी रिकामं राह्यलं असन. उद्यापासून भात वाढवते.

२१ मार्च, बुधवार

आज जे पाह्यलं ते लिहाले हात होत नाई. तरी लिहिते.

खिडकीले मी गोणपाट लावलं आहे. त्याले बारीक बारीक छिद्रं आहेत. दुपारचा उजेड त्यातून येते आन् श्रावणच्या आंगावर ठिपक्यानं पसरते, चितळाच्या पाठीवर असतात तसा. मी विंझणा घेऊन जवळ बसते. बाहेर जग ओरडते, अंदर मात्र तळ्याच्या बुडाशी बसल्यावानी वाटते. आवाज येतात, पण ओले होऊन येतात. तशीच बसली होती, तर त्याचा जबडा हालला. वाटलं, खर्रा राह्यला असन. बोट घालून पाह्यलं, काही नाई. पुन्हा हालला. चावलं, गिळलं, ओठावरून जीभ फिरवली.

झोपेत जेवून राह्यला होता.

मी दोन्ही हातांनी गदागदा हालवून उठवला. "काय खाल्लं? कोणी वाढलं?"

"भोंगा झाला काय?" तो उठूनच बसला.

"स्वप्नात कोण होतं ते सांग."

"बाबा होते वाटते. पळसाची पत्रावळ होती… आजी, मले झोपू दे ना."

कशी झोपू देईन? ताट वाढलं, समोर बसून खाऊ घातलं, मंगच सोडला. पोट भरलेला माणूस दुसऱ्याच्या पंगतीत बसत नाई.

रामाजीचं असंच झालं होतं. तापात होता. सकाळी उठून म्हणाला, माय, बाबानं वाढलं, पोट भरलं, आता नको. त्याचा बाप जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती. तोंड असं, जसा लग्नात जेवून आला. त्यानंतर घास घेतला नाई, त्याच हप्त्यात गेला. डॉक्टर म्हणाला, कावीळ होती, डोळे नाई पाह्यले काय तुम्ही? पाह्यले. पिवळे होते. कावीळ तर नाव आहे. वाढलं कोणी, ते डॉक्टरले काय माहीत?

फुला म्हणते, "आजी, आपण बौद्ध लोकं. असं मानाचं नसते."

मी म्हटलं, "धम्म घेतला तेव्हा मी होती, तू जन्मली नव्हती. घरातले जुने देव माह्या हातानं नदीत सोडले. पण हे देवाचं नाई बाई, हे जेवणाचं आहे."

२९ मार्च

माही ड्यूटी ठरली. तो निजला की मी बसते. जबडा हालला की उठवाचं आन् दोन घास द्याचे. कधी एकदा हालते, कधी तीनचारदा. त्याच्यासंग मीही खाते, एकट्याले जात नाई म्हणते म्हणून. तो खदानीत असते तेव्हा मले झोप नाई, तो घरी निजते तेव्हा मले बसणं आहे. म्हातारीले झोप लागतेच किती, मी म्हणते.

जंगलाकडून वारा आला की मोहाचा वास येते. कोळशाच्या वासातून तो असा येते, जसा गर्दीतून ओळखीचा माणूस. आज त्या वाऱ्यात बसली असताना समोरची भिंत उतार झाली. डोळे उघडे होते, मी झोपली नव्हती. उतारावरून डबे येत होते. एकातही कोळसा नव्हता, साऱ्यात भात होता, वाफेचा. हळू हळू येत होते, चाकाचा आवाज नाई. शेवटच्या डब्याच्या काठावर रामाजी बसला होता, लहानपणचा, पाय हालवत. मी म्हटलं, उतर, पडशीन. फुलानं विचारलं, "आजी, कोणाशी बोलता?"

"कोणाशी नाई. तू उंबरठा तापव."

४ एप्रिल

शेजारचा डोमाभाऊ मोठा शहाणा झाला. जुना खलाशी आहे, आता दिवसपाळीत जाते. बोरिंगवर मले म्हणे, "बायनाबाई, पोराले सकाळी काय वाढता?"

"अन्न वाढते. तुमच्या घरी काय वाढतात, कोळसा?"

"मी रातपाळीत होतो तेव्हा सकाळी वाटीभर पेज पेत होतो आन् निजत होतो. भात उठल्यावर. पोट काम करत राह्यलं तर माणूस कसा निजन?"

"म्हणूनच तुमची अशी काठी झाली."

"काठी झाली, पण उभी आहे ना, बाई!"

त्याची बायको अंजनाबाई फिदीफिदी हासली. नवऱ्याच्या विनोदावर हासणारी बाई मले आवडत नाई.

घरी आली तर चुलीमागं पेजेचा गंज झाकून ठेवलेला. फुलाले विचारलं, ही कोणाले? म्हणे, मलेच. खोटं. तिले पेज आवडत नाई, मले माहीत आहे. मंग चोरून काऊन पेते? पोटात काही असन तर सांगाले काय झालं? आन् श्रावणही आजकाल माह्या ताटातलं अर्धं सोडते, म्हणते सकाळी भूक नाई. दोघांचं काय चाललं आहे, काही समजत नाई.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. सकाळपासून भोंगे लागले. श्रावणची झोप नाई, सुटी नाई. मी पोट्ट्यांकडे गेली. "आवाज कमी करा रे." ते म्हणे, "आजी, जयंती आहे!"

"म्हणूनच म्हणते. ज्यानं आपल्यासाठी जागून जागून अभ्यास केला, त्याले दुसऱ्याच्या झोपेची किंमत माहीत होती. तुम्ही कोणाचे?"

कमी केला. मी घरी आली. बुंदी ताजी होती, श्रावणले उठवून दिली.

२० एप्रिल

ऊन डोस्क्यात चाललं. आज झाडू घेऊन खोलीतले उजेडाचे ठिपके झाडत होती. झाडले की सरकत नाई, हे किती वेळानं ध्यानात आलं. जेवताना ताटं वाढली तर चार झाली. फुला म्हणे, चौथं कोणाचं? मी मोजलं. श्रावण, तू, मी, रामाजी. तिनं ते ताट उचललं आन् झाकून ठेवलं. मी डोस्क्यावर कांदा ठेवला.

मीठ दोनदा पडते. जिभेले समजत नाई. पोट सारखं तटतटलेलं राहते आन् तरी काहीतरी खावंसं वाटते. फुटाणे, गूळ, काहीही. हातच जाते.

श्रावणले गल्लीतल्या सायकलच्या घंटीनंही झोपेत झटका बसते. डोळे मिटलेले, पण उजवा हात हवेत दांडा ओढते. तेवढी त्याले कामाची काळजी आहे. चांगलं आहे.

२७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी श्रावणच्या आधी डोमाभाऊ आला, पाळीवर गेला तसाच वापस. श्रावण मागं होता, चालत होता, पण चेहऱ्यावर कोणी राहत नसल्यावानी.

डोमाभाऊनं सांगितलं. खाली पोचू नावाचा पोरगा डबे अडकवत होता. घंटी वाजलीच नव्हती. श्रावणले वाजली. त्यानं दांडा ओढला. डबे उचलले गेले, कडी बसली नव्हती, दोन डबे सुटून मागं घसरले. पोचूनं भिंतीतल्या खोबणीत आंग टाकलं म्हणून वाचला. खांदा सोलून निघाला. साहेबानं श्रावणले समोर उभं करून सांगितलं, पुन्हा झालं तर इंजिन नाई आन् खदानही नाई. महिनाभर लहानू नावाच्या पोराले त्याच्याजवळ बसवणार. याचे डोळे मिटले की त्यानं कोपर माराचं.

"नोकरीचं जाऊ द्या, बायनाबाई," डोमाभाऊ म्हणे, "खाली माणूस असते."

मी म्हटलं, "तेच म्हणते मी, त्याले ताकद पाहिजे." कोंबडी कापाले लावली. दोन घास गेले आन् श्रावण ओकला. मंग भिंतीकडे तोंड करून पडला. झोप काही आली नाई त्याले, पाठीवरून समजत होतं. तिकडूनच म्हणे, "आजी, मी त्याले मारलं असतं." मी म्हटलं, नाई ना मारलं. जेव.

३० एप्रिल

पोचू आला. एटापल्लीच्या आतल्या जंगलातला, गोंडाचा पोरगा, दातांनी हासणारा. खांद्यावर पाला बांधलेला. संगं चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, मूठभर फळं आणली, फडक्यात बांधून. ज्याच्या हातानं मरत होता त्याच्यासाठी आणली!

तेव्हाच अंदर श्रावणचा जबडा हालला. मी उठवाले धावली, तर पोचू उंबरठ्यातूनच म्हणे, "माय, नको. आमच्याकडे झोपलेल्याले हालवत नाई. माही बुढी म्हणते, जीव फिराले गेला असते. अचानक उठवलं तर अर्धा इथी येते, अर्धा तिथीच राहते."

मी म्हटलं, "तुमचे एटापल्लीचे जीव फिराले जातात. आमचे सिंदेवाहीचे जेवाले जातात. दोन्ही वेगळे."

तो हासला. मंग हासणं थांबवून म्हणे, "माय, मी खाली घंटी देतो. वरती मले पूर्ण श्रावण पाहिजे. अर्धा नाई."

फुला त्याच्याकडे पाहत राह्यली. मी अंदर गेली आन् श्रावणले उठवलं. पण आज त्यानं डोळे उघडले तेव्हा खरंच थोडा वेळ त्यात कोणी नव्हतं. मंग आला.

८ मे

लहानूच्या कोपरानं श्रावणच्या बरगडीवर निळं पडलं आहे. लहानू म्हणे, आणखी किती मारू? साहेबाचा महिना भरला की श्रावणनं एकट्यानं बसाचं, तेव्हाच काय ते ठरणार.

पाणी शिंपडलं तर जमीन सुस्कारा टाकते एवढं ऊन. मी ताट वाढते, तो ताटाकडे पाहते. आधी असा नव्हता.

१५ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात जाऊन आलो. मी खीर केली होती. श्रावण आला तसा पेज पेऊन (हो, मले माहीत आहे, फुला देते, मी आंधळी नाई) निजला होता. खूप दिवसांनी गाढ. जबडा हालला. मी खिरीची वाटी घेऊन गेली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर फुलानं माहा हात धरला. या पोरीनं! लग्न झाल्यापासून जिनं माह्याकडे मान वर करून पाह्यलं नाई.

म्हणे, "आजी, सुजातानं खीर दिली ती जाग्या बुद्धाले. निजलेल्याले हालवून नाई दिली."

"मले धम्म शिकवते काय?"

"शिकवत नाई. हात सोडा म्हणते."

"उद्या हा त्या पंगतीतून वापस नाई आला तर?"

"आन् उद्या पोचू खालून वर नाई आला तर?"

तिचा आवाज चढला नव्हता, पाणी वतल्यावानी होता. मी हात सोडला. वाटी ओट्यावर ठेवली, मुंग्यांनी खाल्ली. मी रुसली आहे. आता या घरात ताटावर बसाची नाई.

१७ मे

रुसवा चालू आहे. फुला काही मनवत नाई. पेज आणून ठेवते. ती पेते. पेज म्हणजे जेवण नाई, त्यानं रुसवा मोडत नाई. पोट हलकं लागते, रागाच्या मानानं.

१८ मे, शुक्रवार

लिहाचं नव्हतं, पण लिहून ठेवते, मागं कोणी विचारू नये.

रुसली तरी ड्यूटी सोडली नव्हती. हात लावाचा नाई, पण पाहाचं तर आहे. भिंतीले टेकून बसली. गोणपाटाचे ठिपके श्रावणच्या आंगावरून माह्या आंगावर आले, गरम पाण्यावानी. विंझणा कुठी पडला, माहीत नाई.

मंग उतार दिसला, पण त्याच्यावर बांध्या होत्या, आमच्या धानाच्या, एकाखाली एक, पाण्यानं भरलेल्या. साऱ्या बांध्यांमध्ये आभाळ होतं. मधल्या मातीच्या धुऱ्यावर पंगत बसली होती. चेहरे पाह्यले नाई, पण सारे ओळखीचे होते. रामाजी वाढत होता. मोठा झालेला, डोळे पांढरेशुभ्र. माह्यासमोर पत्रावळ आली. भात, लाखोळीची डाळ, वरून लसणाचा तडका. मले माहीत होतं की खाचं नाई. बोटं माहीच होती तरी भातात गेली. बापा, काय चव होती! मीठ बरोबर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मीठ बरोबर.

मी विचारलं, "श्रावणले काय वाढते रे तू? माह्या पोराले काऊन बोलावते?"

तो म्हणे, "बोलावत नाई माय. तोच येते, भूक घेऊन. पण बसला की कोणीतरी अर्ध्यातून उठवून नेते. रोज उपाशीच जाते."

"आन् मी?"

"तू सावकाश जेव. इथी कोणी उठवत नाई."

मी जेवली. पोटभर जेवली. पाण्यात हात धुतला, तेव्हा आभाळ हाललं.

जागी झाली तर ऊन उतरलं होतं. पाठ अकडली, तोंडातून लाळ. आंगावर लुगडं पांघरलेलं, फुलाचं. श्रावण तसाच निजलेला, तोंड उघडं, घोरत. फुला उंबरठ्यावर होती. बर्फवाला आला, तिनं दुरूनच हात हालवला, तो घंटी हातात दाबून तसाच पुढं गेला. मंग पोट्टे आले, तेही पायाच्या बोटावर गेले. म्हणजे साऱ्या गल्लीले हिनं हे शिकवून ठेवलं आहे. कधी शिकवलं?

मंग श्रावण आपल्या मनानं उठला. कोणी उठवला नाई. आंग मोडलं, इकडंतिकडं पाह्यलं आन् म्हणे, "भूक लागली." हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून किती महिने झाले. फुलानं भात टाकला. तो जेवला, बोटं चाटली, आणखी मागितलं. डबाही भरून नेला.

 मी मेलेल्याच्या हातचं पोटभर खाऊन आली होती. बाकीच्यांना काय सांगाचं?

१९ मे

पांढरं लुगडं काढून ठेवलं. फुलाले दाखवलं कुठी काय आहे. जात्याचा खुंटा ढिला आहे, तेही सांगितलं. ती म्हणे, "आजी, कुठी जाऊन राह्यल्या?" मी म्हटलं, तुले काय कराचं. वाट पाहत बसली. बसल्या बसल्या झोप लागली.

२० मे

अजून आहे.

२१ मे

अजून आहे. फुलानं केलेली भेदराची, म्हणजे टमाटरची, चटणी चांगली झाली होती. तिले सांगितलं नाई.

२३ मे

रामाजी काही दिवसांतच गेला होता. मी तर काल बोरिंगवरून दोन घागरी आणल्या आन् अंजनाबाईशी भांडलीही. म्हणजे जेवण तेच, वाढणाराही घरचाच, तरी तो गेला आन् मी राह्यली. मंग त्याचे डोळे पिवळे होते ते कशानं? हे लिहिताना हात थांबला. पुढं लिहीत नाई.

डोमाभाऊची आन् माही बोलणी सुरू झाली. मी त्याले विचारलं, पेजेत मीठ किती टाकाचं. त्यानं तोंड फिरवून हासून घेतलं. मी पाह्यलं, पण सोडून दिलं.

२८ मे, सोमवार

काल श्रावण पहिल्यांदा एकटा इंजिनावर बसला. लहानूले काढून घेतलं. साहेब येऊन पाहून जाणार होता. जाताना श्रावण फुलाशी काही बोलला, मले म्हणे, "आजी, तू झोप." जसं काही मी त्याचं ऐकते. पण झोपली. फुलाही झोपली. कोणी जागं राह्यल्यानं दांडा सुटत नाई आन् ओढल्याही जात नाई.

सकाळी दारात दोन माणसं. श्रावण काळाकुट्ट आन् पोचू त्याच्याहून काळा, दोघांचे फक्त दात दिसतात. पोचू म्हणे, "माय, मी घंटी दिली तेव्हा ओढलं. नाई दिली तेव्हा नाई ओढलं. साऱ्या पाळीत एकदाही नाई." मी म्हटलं, "मंग काय, त्याच्यासाठीच पगार आहे." पण पोचूले बसवलं. त्याले पेज दिली. तो म्हणे, भात नाई काय? मी म्हटलं, आधी जाऊन निज, भात उठल्यावर. डोमाभाऊच्या घरातून हासणं ऐकू आलं. येऊ दे.

माहं काही चुकलं असं कोणी समजू नये. पाह्यलं ते खरंच पाह्यलं होतं. पण गावाकडं धानाचे पऱ्हे टाकाची वेळ आली आहे, मिरग लागन, तिथी माणूस पाहिजे. उद्याच्या गाडीनं जाते.

आत्ता श्रावण निजला आहे. गोणपाट ओलं केलं आहे, खोलीत तळ्याचा थंडावा आहे. त्याचा जबडा हालून राह्यला. मी पाहून राह्यली. जेवू दे बापा. तिथी जे असन ते खा, आज पंगत अर्ध्यातून सोडू नको. बाप घरचा आहे, वाढते चांगलं.

फुला, हे पान तुले वाचाले ठेवते. मी नसताना कोणी त्याले दिवसा हाक मारली, साहेबाचा माणूस असो का माहा जीव असो, तर उंबरठ्यावरून तूच उत्तर द्याचं की तो निजला आहे. आन् तो आपल्या मनानं उठला, भूक लागली म्हणाला, तर त्याच्या हाकेले 'ओ'सुद्धा तूच द्याची. दुसऱ्या कोणी नाई.